देव्हाऱ्याचा चौथा खांब

हे मी अजून कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, आणि देवापाशी तर नाहीच — देवापाशी कुठल्या तोंडाने बोलणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही महाडचे नाही. दत्ताला ओळखत नाही. ऐकून झाल्यावर उद्या माझ्या दुकानावरून जाताना माझ्याकडे वळून बघणार नाही. बसा जरा. मला एकदम मुद्द्यावर येता येणार नाही.

माझा महाडात फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, आणि सीझनला लग्नाचं शूटिंग. दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. मूळचा वरंधचा, सुतारकाम घराण्यातलं. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून धंदा करायचा. देव्हारे, चौकटी, पाट, पाळणे. हात चांगला होता त्याचा. हे मी दात-ओठ खाऊन का होईना, पण कबूल करतो.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. इंटरनेटवर आपला व्हिडिओ आपण टाकू शकतो, हे आमच्याकडे नुकतंच कळायला लागलं होतं. मी म्हटलं, दत्ता, तुझं काम जगाला दाखवू. तो म्हणाला, "कोण बघतंय रं सुताराला?" म्हणजे कल्पना माझी. ऐकताय ना? कल्पना माझी होती. पुढचं सगळं समजायला एवढं एक लक्षात ठेवा.

लोकांना वाटतं, कॅमेरा लावला, सुताराने रंधा मारला, झाला व्हिडिओ. कसलं काय! पाट कसा करायचा हे चार मिनिटांत दाखवायचं, तर आमचा आठवडा जायचा. एकच खाच तीन-तीनदा कापायची — एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा बोटांच्या अगदी जवळून. म्हणजे एका पाटाला तीन पाटांचं लाकूड. दत्ता त्यासाठी आंब्याच्या टाकाऊ फळ्या वापरायचा, तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. रंध्याच्या आवाजात त्याचं बोलणं बुडायचं, म्हणून बोलणं वेगळं घ्यायचं. त्यात रस्त्यावरून कंपनीची बस गेली की थांबा. शिफ्ट सुटली की नुसत्या मोटारसायकली, मग हात बांधून बसा. तेवढ्यात ऊन सरकायचं आणि सकाळचा शॉट दुपारच्या शॉटला जुळायचा नाही. गिऱ्हाइकं शेडमध्ये येऊन ओरडायची, आमची चौकट कुठाय म्हणून.

आणि माझं काय जात होतं, ते कोणी विचारलं? लग्नाच्या तारखा सोडल्या मी. कॅसेटी माझ्या, दिवे माझे, बल्ब उडाला तरी माझाच. घरी बायको म्हणायची, दुसऱ्याच्या घरची लाकडं वाहताय. एडिटिंगला बसलो की भारनियमन. केलेलं सगळं जायचं, पुन्हा मांडायचं. आणि तयार झालेला व्हिडिओ चढवायचा कुठून? वसाहतीच्या फाट्यावर लाइट टिकायची, म्हणून तिथल्या सायबर कॅफेत जायचो. एक वहिनी चालवायच्या तो. अख्खी दुपार लागायची. शेवटाला आलं की नेट तुटायचं, की परत पहिल्यापासून. वहिनी म्हणायच्या, "भाऊ, एवढ्या वेळात पोलादपूरला जाऊन घरोघर दाखवून आला असतात."

पण लोक बघायला लागले. मुंबईतले आपले लोक, कुठले कुठले दुबईतले. खाली लिहायचे — दत्ताभाऊ, हातात जादू आहे. दत्ताभाऊ, गावची आठवण आली. दत्ताभाऊ, दत्ताभाऊ! ज्याने हे दाखवलं त्याचं नाव एकाने तरी घ्यावं? एकानेही घेतलं नाही. मी कॅफेत बसून ते शेवटपर्यंत वाचायचो, माझं नाव शोधत.

आता कुडपणचं सांगतो. डोंगरावरच्या त्या गावातल्या एका घराने दत्ताला देव्हारा सांगितला. मुलगा मुंबईला कामाला, त्याने गावी नवं घर बांधलं होतं. त्याच्या आईच्या परसात फणस होता, सासूच्या हातचा. तो वठला, तेव्हा बाईने तो तोडवला, फळ्या पाडून सुकवल्या आणि स्वतः जीपमध्ये बसून खाली आणून दिल्या. तिचं म्हणणं एकच — देव ह्याच फणसात बसायला पाहिजेत, आणि उरलेला तुकडा न् तुकडा परत पाहिजे. आमच्याकडे देवाच्या लाकडाचं तसंच असतं. कोरं लागतं. कशाला वापरलेलं चालत नाही, आणि झोपायच्या खाटेचं तर नावच काढायचं नाही.

दत्ता म्हणाला, ह्याचाच व्हिडिओ करू. चार खांबांचा देव्हारा, एकही खिळा नाही. प्रत्येक खांबाच्या टोकाला जीभ काढायची आणि ती खालच्या पाटाच्या भोकात ठोकून बसवायची. लाकूड मोजकंच होतं, म्हणून तीनदा कापायचं वगैरे काही नाही, जे होईल ते एकदाच घ्यायचं ठरलं. तीन खांब बसले. चौथा त्याने उचलला, भोकावर धरला, आणि लाकडी हातोड्याचा एकच ठोका — असा बसला! आवाजावरूनच कळलं. दत्ता कॅमेऱ्याकडे बघून हसला. मी पण हसलो.

आणि बटण दाबून कॅमेरा बंद केला. म्हणजे मला वाटलं, बंद केला. खरं तर तेव्हा तो चालू झाला, थोड्या वेळाने लाल दिवा दिसला तेव्हा कळलं. आधी मी दाबलं होतं ते नीट लागलंच नव्हतं. कॅसेटवर तो ठोका नाही, तो खांब नाही, ते हसणं नाही. माझ्या चपला आहेत आणि शेडची जमीन आहे.

वर्षानुवर्षं शूटिंग करणारा माणूस मी. "दत्ता, बटण लागलं नाही रे," एवढं म्हणायला काय जात होतं? पण तोंडातून निघेना. मी म्हणालो, "तुझ्या तोंडावर अंधार आला. काढ, आणि परत ठोक." तो म्हणाला, "अरे बसलाय तो, आता नाय निघायचा." मी म्हटलं, लोक नावं ठेवतील, तुझंच नाव जाईल. नावाचं म्हटलं की दत्ता ऐकायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याने खालून ठोकलं, हलवलं, पिळलं — आणि खांबाची जीभ आतच तुटली, वरचा खांब उभा चिरला.

 लाकूड संपलेलं. देव्हारा न्यायला माणसं यायची होती, स्थापनेचा मुहूर्त काढलेला. शेडच्या माळ्यावर एक मोडकी खाट पडलेली होती. कुठल्या तरी घरचा म्हातारा तिच्यावर गेला आणि घरच्यांनी ती आणून टाकली होती; टाकून दिलेली खाट म्हणजे मेल्याची, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. तिचे पाय फणसाचे. दत्ताने एक पाय काढला, वरचं काळं रंध्याने उडवलं. आतून पिवळंधमक निघालं. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "देवाला काय कळतंय? फणस तो फणस." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कापून टाक हां." मी हो म्हटलं. चिरलेला खांब त्याने त्याच दिवशी पाणी तापवायच्या बंबात घातला, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. खाट काढायला घेतल्यापासून कॅमेरा मात्र मी चालूच ठेवला होता. या वेळी बटण बरोबर लागलं होतं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं — असं म्हणणार होतो, पण नको. काहीतरी असेलच.

देव्हारा गेला, कुडपणला देव बसले, सगळे खूश. व्हिडिओ मी अजून टाकला नव्हता. तेवढ्यात मुंबईच्या एका गावकरी मंडळाने महाडात दत्ताचा सत्कार ठेवला. हॉल भरलेला. शाल, श्रीफळ, फोटो. शूटिंगला अर्थातच मी — तेही फुकट, मित्र म्हणून. दत्ता बोलायला उभा राहिला. वडिलांचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, मंडळाचं घेतलं. मग कोणीतरी खालून विचारलं, व्हिडिओ कोण काढतं हो? दत्ताने माझ्याकडे बोट केलं. "हा आमचा शूटिंगवाला. चांगला हाय बिचारा. पण कॅमेऱ्याचं काय हो, स्टँडवं ठेवला का चालतो आपोआप. हात तं माझं हायत ना!"

हॉल हसला. माझ्या ओळखीची माणसं हसली. ज्यांच्या पोरींची लग्नं मी शूट केली ती माणसं हसली. बिचारा! मी शूटिंगवाला, आणि वर बिचारा! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि मला कॅमेरा धरून उभं राहावं लागलं, कारण शूटिंग चालू होतं. माझा अपमान मीच, माझ्याच कॅसेटवर, माझ्याच खर्चाने घेतला. नंतर दत्ता गळ्यात पडला, म्हणाला, जेवून जा. मी जेवलो. दोनदा श्रीखंड घेतलं.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसलो. इतकं मन लावून मी आयुष्यात काम केलं नाही. तीन खांब छान दाखवले. चौथ्याच्या जागी खाट ठेवली — माळ्यावरून काढताना, पाय उपटताना, रंधा मारताना. आणि ते वाक्य. ते वाक्य अगदी स्पष्ट ऐकू यावं म्हणून मागची खरखर काढली. फाट्यावर कॅफेत गेलो. नेट तुटलं, परत लावलं. परत तुटलं, परत लावलं. वहिनी म्हणाल्या, राहू द्या ना भाऊ, उद्या या. मी हललो नाही. चढला, तेव्हा बाहेर जाऊन भजी खाल्ली.

मग कुडपणच्या त्या मुलाला मुंबईला फोन केला. गोड आवाजात. "तुमच्या देव्हाऱ्याचा व्हिडिओ आलाय हो. घरच्यांना सगळ्यांना दाखवा." तो बिचारा किती वेळ आभार मानत होता.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. देव्हारा त्यांनी दत्ताच्या शेडसमोर रस्त्याकडेला उतरवला. मी समोरच्या टपरीवर होतो. योगायोगाने नाही — मुलाने रागारागात फोनवर वार सांगितला होता, म्हणून जाऊन बसलो होतो. त्याची आई खाली उतरली. ती ओरडली नाही. म्हणाली, "आमचं देव तू मढ्याच्या खाटंवं बसवलंस, व्हय रं? आनि आमच्या सासूचा फणस कुठं इकलास?" दत्ता हात जोडून सांगत होता, विकला नाही, मोडला, खरंच मोडला. मोडला तर तुकडा दाखव, मुलगा म्हणाला. तुकडा कुठला? तो बंबात गेलेला. येणारी-जाणारी थांबली होती. कंपनीची बससुद्धा थांबली. मी दुसरा चहा सांगितला.

दत्ता मला काही बोलला नाही. बोलणार काय? मी आधीच जाऊन गळा काढला होता — घाईत चुकीची फाइल गेली रे, नेट सारखं तुटत होतं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याने ते खरं मानलं. कॅफेतले हाल त्याने डोळ्यांनी बघितले होते ना!

मेल्याच्या खाटेचं कदाचित लोक विसरले असते. शांत करून घेतली असती, नवा खांब घातला असता. पण लाकूड खाल्लं हे कोण विसरतं? आपल्या परसातलं झाड माणूस कोणाच्या हवाली करतो? लाकूडचोर हे नाव त्याला चिकटलं. पोलादपूरच्या वरची सगळी गावं तुटली. चौकट नाही, देव्हारा नाही, साधा पाटसुद्धा कोणी सांगेना. बापजाद्यांपासून देवाचं काम करणारं घर ते.

पावसाळ्याच्या आधी तो माझ्या स्टुडिओत आला. वाळला होता. म्हणाला, "ती कॅसेट हाय ना तुज्याकडं? पयला ठोका मारला ती. तिच्यात दिसंल ना, त्यांच्याच फणसाचा खांब बसवलेला. कुडपणला नेऊन दावतो. चोर तं नाय म्हणनार." मी म्हणालो, ती पुसली रे. वरून एक लग्न घेतलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "मग तू चल. तू बगितलंस ना? तू सांगितलंस तं आयकतील." मी म्हणालो, सीझन आहे दत्ता, वेळ कुठाय.

त्याने मान हलवली. उठला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रं. तुजा तरी काय दोष?"

आता वसाहतीत कुठे तरी तो पिंपं ठेवायची लाकडी फळकुटं ठोकतो. पण हे सगळं सांगितलं ते त्यासाठी नाही. बटणाचं खोटं, खाटेचा व्हिडिओ, पुसलेल्या कॅसेटची थाप — हे एखादवेळी मी कोणाला सांगूनही टाकलं असतं. जे सांगता येत नव्हतं ते वेगळंच. त्याचा हात खांद्यावर होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो मला दोष नाही म्हणत होता — आणि मला बरं वाटत होतं. वाईट नाही. बरं. अगदी पोट भरल्यासारखं.