लग्नाच्या फोटोतले डोळे

आर्णीत माझं पेंटरचं दुकान आहे. फ्लेक्सनं पाट्या खाल्ल्या, तेव्हापासून मी माणसांची तोंडं काढून पोट भरतो. सलूनसाठी नट-नट्या, जयंतीसाठी पुढारी. मोठ्या माणसांचं सोपं असतं. मिशी आणि चष्मा जमला की अख्खा गाव ओळखतो. ओळखीच्या माणसाचं चित्र काढून पाहा, घरातले दहा जण दहा चुका काढतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक पोरगी आली. लग्न ठरलेलं. मांडवात खुर्चीवर आईचं चित्र ठेवायचं होतं. ही रांगती असताना, ते आमच्या गल्लीत येण्याआधीच, आई गेली आणि मागे एकच फोटो राहिला, तोही लग्नातला. मुंडावळ्या बांधलेल्या, मान खाली, पापण्याही खाली.

"काका, माय माह्याकडं पाहून राह्यली असं काढा. मी तिचे डोये कधी पाह्यलेच नाहीत."

बोलताना ती सवयीनं मान वळवून उभी होती. तिचा डावा डोळा तिरळा. त्यावरून दोन-तीन स्थळं फिरली होती. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक, पण तोंडावर कोणी बोलत नसे.

मी पेन्सिल घेऊन कामाला बसलो. पापण्या उघडायच्या खऱ्या, पण आत डोळे कुणाचे घालायचे? हाताला सवय नट्यांची. टपोरे, पाणीदार डोळे उतरले. चित्र झकास झालं, मी स्वतःवरच खूश.

पोरगी बघतच राहिली. "माय एवढी सुंदर होती?" म्हणाली आणि ओढणी पुढे ओढून घेतली.

तेवढ्यात तिचा बाप आला. चित्र पाहून स्टुलावर बसला.

"ही कोण होय, भाऊ?"

मी लग्नाचा फोटो चित्राशेजारी धरला.

"तोंड तिचंच हाय. डोये तिचे नोहोत. ती तिरपी पाहे." त्यानं पोरीकडे बोट केलं. "हिच्यावानीच. डावाच डोया."

"मग फोटोत लाजली ती..." मी म्हटलं.

"लाजली कायची! फोटोवालाच म्हने, नवरीले खालीच पाहू द्या, फोटो बिघडन."

मी हादरलो. तो फोटो मी आठवडाभर न्याहाळला होता आणि मला त्यात लाज दिसली होती! पोरगी बापापुढे जाऊन उभी राहिली.

"मले काहून नाही सांगतलं, बाबा?"

"तुले वाईट वाटन म्हनून."

"मले वाटे, हे माह्या एकटीच्याच नशिबात आलं!" ती ओरडलीच. रस्त्यावरची माणसं थांबली. बापाचा मला असा संताप आला, की काही बोललो असतो तर भांडणच झालं असतं.

मी रबर घेतलं, डोळे खोडून टाकले आणि पोरीला म्हटलं, "समोर बस. मान वळवू नको."

लग्नात ते चित्र खुर्चीवर होतं. फोटोग्राफर नवरीला म्हणाला, "ताई, नजर जरा खाली घ्या, फोटो छान येईल."



तिनं एकदा खुर्चीकडे पाहिलं, मग सरळ कॅमेऱ्याकडे. "असाच काढा," म्हणाली.