फिक्कंबाई आणि डब्यातला मासा

आमच्या वन्संनी आयुष्यात एकदाही कुठल्या पदार्थाला चांगलं म्हटलं नाही. पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटायच्या, जीभ टाळूला लावायच्या, आणि सगळी पंगत श्वास धरून बसलेली असताना म्हणायच्या, "फिक्कं हाय." लग्नातली भाजी फिक्की, पुढाऱ्याचं भाषण फिक्कं. माझा जावई पहिल्यांदा घरी आला, तो चपला घालून फाटकापाशी पोचायच्या आत वन्संचा निकाल: "मानूस भला हाय, पन फिक्का." नांदेडला त्यांच्या गल्लीत त्यांना फिक्कंबाईच म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. राग एवढाच, की लोकांना नावसुद्धा चटकदार ठेवता आलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. मी लातूरची, त्या गोदाकाठच्या. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, 'लातूरकरीण' म्हणूनच मारली. मी कधी हौसेनं माशाचं कालवण केलं की ताटाकडं बघून म्हणायच्या, "ज्या गावाला प्यायचं पानी रेल्वेनं आलं, त्या गावच्या बाईला मासा काय कळनार गं?" मला असा राग यायचा म्हणता! पण खरं ते सांगते. गल्लीत बारसं असो की लग्न, आचारी कितीही नावाजलेला असला तरी रश्शाचा पहिला डाव वन्संपुढंच यायचा. त्या "मीठ" म्हणाल्या की मीठ पडायचं, "उलीशी चिंच" म्हणाल्या की चिंच. लोक पाठीमागं नावं ठेवायचे आणि पुढून वाटी घेऊन यायचे.

मागल्या दिवाळीला त्यांचा मुलगा बाळू आणि सून स्नेहा कॅनडातून आले, ते आईला घेऊन जायचंच असं ठरवून. मीही भाऊबिजेच्या निमित्तानं तिथंच होते. बाळू रोज विनवायचा आणि वन्सं रोज एक नवीन खोड काढायच्या. थंडी लई. विमानात पाय आखडतात. तुळशीला पानी कोन घालनार? शेवटी मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "वन्सं, खरं काय ते सांगा. पोरगा एवढा जीव टाकून राहिला, तुम्ही कामून जात न्हाई?" मेथी निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "तिकडं मला चव कोन इचारनार गं? नुसतं बसून खायचं, अन् मरायचं."

मीही एक जुडी पुढं ओढली आणि मेथी निवडायला बसले.

त्याच संध्याकाळी स्नेहानं सगळ्यांना तिकडचं खाणं करून घातलं. सून पुण्याची, बोलायला गोड, पण स्वयंपाक मोबाइलवर बघून करणारी. त्या मोबाइलमधल्या बाया बघितल्या आहेत का तुम्ही? नखं एवढाली, कढई कोरी करकरीत, आणि दर वाक्याला 'झटपट'. तर स्नेहानं बॅगेतून आणलेला ट्यूना माशाचा डबा उघडला, त्यातला मासा पांढऱ्या मेयोनेजमध्ये कालवला, पावात भरला, वर चीजची पिवळी चकती ठेवली आणि तव्यावर भाजून दिलं. पाव खालून करपला, वरची चकती थंडच. वन्संनी घास घेतला. डोळे मिटले. आम्ही सगळे जाणून होतो.

"फिक्कं हाय. मासा मेला तो मेला, पन त्याला असं इसरून जायचं?"

स्नेहाचा चेहरा लाल. "मग तुम्हीच करून दाखवा ना, आई."

"दाखवते की. त्यात काय कलेक्टर व्हायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं पदर खोचून उभ्या. डबा उघडला, नाक मुरडलं, आणि काय केलं असेल? मासा चाळणीत ओतला, त्यावर मूठभर बेसन, हळद, मीठ टाकलं आणि नळाखाली धरून चोळ चोळ चोळला! नदीचा मासा आपण तसाच धुतो, नाहीतर हिवस वास जात नाही. पण हा तर शिजवून भरलेला. त्याचा भुगा होऊन निम्मा मोरीत गेला, उरला त्याचं पिठलं झालं.

स्नेहा धावत आली. "अहो आई, तो शिजवलेला असतो! धुवायचा नसतो!"

"शिजवलेला असला म्हून काय झालं? वास येऊन राहिला ना? मंग धुवायलाच पायजे."

"आता चाळणीत काय उरलंय ते बघा तरी!"

वन्संनी बघितलं. हरलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. पण ती बाई हरून बसणारी नव्हे. "दुसरा डबा आन," म्हणाल्या.

या खेपेला मासा फडक्यात बांधून चक्क्यासारखा घट्ट पिळला. "सगळा फिक्केपना ह्या पान्यात हाय," असं म्हणत ते पाणी मांजराला घातलं. तेलात लसूण आणि हिरवी मिरची परतली, त्यावर मासा, चिमूटभर घरचा काळा मसाला. कांदा बारीक चिरून लिंबू-मिठात चोळून ठेवला. मेयोनेजची बाटली हुंगून म्हणाल्या, "हे भिताडाला लावा, घर तरी उजळंल," आणि त्याऐवजी दह्याचा चक्का घेतला. परतलेला मासा गार झाल्यावर चक्का, कांदा, कोथिंबीर सगळं एकत्र कालवलं. पावाला आतून कारळाची चटणी, बाहेरून लोणी. चीज किसून माशाच्या खालीही घातलं अन् वरही. मंद आचेवर तवा, कडेनं पाण्याचा हबका, वर लगेच झाकण. झाकण काढलं तेव्हा चीज विरघळून पावाच्या कडेनं उतरलं होतं आणि पाव खालून कुरकुरीत.

स्नेहानं एक खाल्लं. दुसरं मागितलं. मग खाता खाता तिच्या डोळ्याला पाणी आलं. मला वाटलं मिरची लागली.

"काय गं? तिखट झालं?" वन्संनी विचारलं.

"नाही आई. तिकडे ऑफिसला मी रोज हेच नेते. लग्न झाल्यापासून. माझं नेहमी कालच्यासारखंच होतं. आता सवय झालीये."

वन्संच्या हातातलं उलथणं थांबलं. "रोज? लगीन झाल्यापून रोज फिक्कं खाऊन राहिलीस? अन् सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही हसला असता."

"हसले असते! शिव्या दिल्या असत्या! तोंड हाय का गोठा?" असं म्हणून त्यांनी गॅस बंद केला आणि बाळूला ओरडून सांगितलं, "अरे, ते तिकीट का फिकीट काय काढायचं ते काढ. ही पोरगी उपाशी हाय."

पोरगी चांगली गुटगुटीत होती. पण वन्संपुढं कोण बोलणार?

निघायच्या दिवशी अख्खी गल्ली फाटकाशी. मी पाया पडले तर म्हणाल्या, "लातूरकरीण, कालवणाला चिंच कमी घालत जा." आणि गाडीत बसल्या. ना गळाभेट, ना डोळ्याला पदर. मी मात्र स्टँडवर येईपर्यंत रडले.

परवा मी लातूरहून फोन लावला. स्नेहानं उचलला. "मामी, आई जरा कामात आहेत. खालच्या मजल्यावरची बाई पातेलं घेऊन आलीये."

"मराठी आहे का ती?"

"छे हो. आईंचं एक अक्षर तिला कळत नाही."

पाठीमागून वन्संचा आवाज आला. स्वच्छ, नांदेडचा, चढा: "न्हाई, बाई. अजून न्हाई झालं. ने परत."

"थोड्या वेळानं लावते मामी," स्नेहा म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या कढईत वांगं शिजत होतं. झाकण काढलं, डावाच्या टोकावर थोडा रस्सा घेतला, आणि कुणापुढं धरावा ते कळेना, म्हणून तसाच परत कढईत ओतला.