अंगठ्याने ओळखायच्या होड्या

रविवारी सकाळी तापीवर चार माणसं एका जुन्या होडीभोवती जमली की किस्सा घडायला वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या मंडळात किस्से होडीच्या बुडावरच्या शेवाळासारखे साठतात. एका रविवारी खरवडून काढले तरी पुढच्या रविवारी परत हजर!

मंडळाचं नाव 'शीड मंडळ'. नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष मात्र आहेत, गद्रे सर. कॉलेजात मेकॅनिक्स शिकवून रिटायर झालेले. दुसरा मंदार, बँकेत ऑफिसर. तिसरा भिलाभाऊ पाटील, मूळचा अमळनेरकडचा, गोडादऱ्यात त्याचं शिलाई युनिट आहे. आणि चौथी मी, मराठी शाळेतली बाई. छंद एकच, शिडाच्या जुन्या छोट्या होड्या शोधायच्या, त्यांचं मॉडेल ओळखायचं आणि मग त्यावरून भांडायचं.

सुरतेत शिडाच्या होड्या कुठून आल्या, असं लोक विचारतात. मीही विचारलं होतं!

*

नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा या गावात माझं कुणी नव्हतं. नवऱ्याची ड्यूटी विचित्र, शेजारी भले पण माझं गुजराती कच्चं. एका रविवारी कॉजवेच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी तळ्यासारखं थांबतं, तिथे फिरायला गेले होते. काठावर एक म्हातारे गृहस्थ पेटीसारख्या कशाला तरी पॉलिश पेपर घासत बसले होते.

मी सहज म्हटलं, "काका, ही होडी आहे की बाथटब?"

त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत. "मिरर आहे. नाक बोथट आहे म्हणून तुम्हाला टब वाटला. बोथट नाकाची ऑप्टिमिस्टही असते, पण ती एका मुलापुरती. हिच्यात दोघं बसतात. हिचं शीड लाल असतं. आता एंटरप्राइज घ्या..."

गद्रे सरांची ही एंटरप्राइज घेता घेता ऊन डोक्यावर आलं. घरी पोचले तर नवरा म्हणाला, "कुठे होतीस इतका वेळ?"

"बाथटबमध्ये," मी म्हटलं.

त्या दिवसापासून या गावात माझी माणसं झाली. आजही त्या बोथट नाकाचे मी मनातल्या मनात आभार मानते.

*

मंदारने एकदा ग्रुपवर फोटो टाकला. कतारगामातल्या एका गच्चीवर बोथट नाकाची होडी, तिच्यात तुळस आणि मोगरा. खाली लिहिलं होतं, 'ऑप्टिमिस्ट सापडली!'

सरांचं उत्तर आलं, 'मिरर.'

फोटोत शेजारी मोजमापाला काहीच नव्हतं, त्यामुळे लांबी कळेना. मंदारने बाण काढून फोटो टाकले. सरांनी कागदावर रेखाटून टाकले. भिलाभाऊने दोघांच्याही खाली सारखेच अंगठे टाकले. शेवटी मीच म्हटलं, चला, जाऊन बघू.

घरमालक हिऱ्यांच्या कामातले, भलते अगत्यशील. आधी चहा, मग गच्ची. सरांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि होडीच्या कुशीवरून अंगठा फिरवला. ही त्यांची पद्धत. डोळे फसतात, रंगाला फसतात, अंगठा फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंगठा मध्येच थांबला.

"हे सिमेंट आहे," सर म्हणाले.

मालक खूश! "हा, हा! कडियाए बनावी छे. फोटो जोईने!" गवंड्याने फोटो बघून बनवली होती.

परतताना रिक्षात चौघं दाटीवाटीने बसलो. मग सरच म्हणाले, "मॉडेल मी बरोबर ओळखलं होतं. मिररच आहे. मटेरियल तेवढं चुकलं."

*

आता ही अंगठ्याची भानगड जरा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

सर तरुणपणी सुरतेत नोकरीला होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीकाकूंनी एक जुनी एंटरप्राइज घेतली होती. निळ्या शिडाची. नाव 'टिटवी', कारण काकू वारा वाढला की तशाच ओरडायच्या, हे सरांचं स्पष्टीकरण. सर सुकाणू धरायचे, काकू पुढचं छोटं शीड सांभाळायच्या. मग बडोद्याला बदली झाली आणि टिटवी कुणाला तरी देऊन टाकली. रिटायर होऊन दोघं परत आले ते तिला शोधायला. काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. सर शोधतच राहिले.

"तेव्हा तापीत एंटरप्राइज एकच होती," सर सांगतात. "त्यामुळे सापडली तर तीच. नाव पुसलं जातं, रंग बदलतात, पण अंग बदलत नाही. एंटरप्राइजच्या प्लायवूडला कुशीवर दोन कडा असतात, प्लाय कोनात जुळतं तिथे. एक वरची, एक खालची. आपल्या सुतारांनी तशा दिसणाऱ्या होड्या पुष्कळ केल्या, पण त्यांना कड एकच. दोन कडांची भानगड कोण करणार?"

दर रविवारी घरी गेल्यावर सर काकूंच्या फोटोपुढे उभे राहून त्या दिवशीचा रिपोर्ट देतात. "मालू, आज नाही." मी स्वतः ऐकलंय. पुण्याची त्यांची मुलगी एकदा व्हिडिओ कॉलवर वैतागली, "बाबा, सगळ्या होड्या सारख्याच दिसतात हो!"

"तुझी आई आणि मावशीही सारख्या दिसायच्या. मी चुकलो का कधी?"

"एकदा चुकला होतात. आई सांगायची!"

सरांनी रेंज गेल्याचं कारण सांगून फोन ठेवला.

*

सर काठावर घासत बसायचे ती आमची मिरर पाण्यात उतरवायची होती, पण शीड फाटकं. भिलाभाऊ म्हणाला, "सर, कपडाना शहरमां राहीसन शीड बाहेरथीन मागाडानं? मी शिवस ना!"

सरांनी माप दिलं आणि लाल रंग सांगितला. पुढच्या रविवारी भिलाभाऊ पिशवी घेऊन आला. कापड उलगडलं तर पक्कं लाल, आणि त्यावर बांधणीचे पांढरे ठिपके! सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी कडेवरून हात फिरवला आणि मला हसू आवरेना. भिलाभाऊच्या कारागिरांनी शिडाला सवयीने पिको करून फॉल लावला होता!

"हाई काय व्हयनं?" भिलाभाऊ कपाळाला हात लावून म्हणाला. "पोऱ्हीस्ले सांगं नही ना मी, साडी नही से म्हनीसन!"

सरांनी फॉल दोन बोटांत धरून पाहिला. मग म्हणाले, "फॉलमुळे खालची कड चांगली पडेल. लावा."

वारा भरला, बांधणी फुगली आणि मिरर अशी निघाली की काठावरचे लोक उभे राहिले. कॉजवेवरून दोन बायका स्कूटर थांबवून ओरडल्या, "भाई! आ डिझाइन कई दुकानमां मळशे?"

भिलाभाऊने होडीतूनच हात हलवून गोडादऱ्याचा पत्ता सांगितला.

*

डुमस रोडच्या एका पार्टी प्लॉटवर मंदारच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. आम्हा सगळ्यांना आमंत्रण. लॉनच्या मधोमध सलाडचं काउंटर आणि ते काउंटर म्हणजे एक आख्खी होडी! बर्फावर काकडी, टोमॅटो, मोड आलेले मूग.

मी म्हटलं, "सर, आज नको. लग्न आहे."

"मी फक्त बघतो," सर म्हणाले आणि प्लेट हातात घेऊन होडीखाली शिरले. झालर बाजूला, सर आडवे, बाहेर फक्त कोल्हापुरी चपला. केटररचा माणूस धावत आला आणि खाली वाकून अतिशय अदबीने म्हणाला, "काका, सलाड उपर छे!"

आतून सरांचा आवाज आला, "फायबर! लाइफबोट आहे! शिडाची नाहीच!"

केटररने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डायबिटीस छे." दुसरं काही सुचलंच नाही.

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. मगदल्ल्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे खरोखरीची शिडाची होडी असल्याची खबर आली. तीच लांबी, तसंच टोकदार नाक, शिडाच्या खांबाची जागाही तिथेच. पोचल्यावर सरांनी डोळे मिटून अंगठा फिरवला.

"एक," सर म्हणाले. अंगठा खाली गेला. सपाट. पुन्हा वर, पुन्हा खाली. "एकच."

सरांचा चेहरा मंदारला बघवेना. तो चटकन म्हणाला, "सर, दोन म्हणा ना. इतकी सारखी आहे. कुणाला काय कळतंय?"

सर त्याच्यावर कधी चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले. "मंदार, नसलेली कड मोजायची नाही! मी घरी जाऊन मालूला काय सांगू?"

परत येताना मंदारने स्वतःहून सगळ्यांना लोचो खाऊ घातला. सरांनी त्याची प्लेटही संपवली, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

*

यंदा सर बाथरूममध्ये घसरले आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर समजावत होते, तर सर म्हणाले, "जुनं मॉडेल आहे डॉक्टर, स्पेअर मिळायचे नाहीत. आहे त्यालाच पॉलिश करा."

आम्ही पाळ्या लावल्या. भिलाभाऊ युनिट सांभाळून रोज यायचा, घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून. सिस्टरनी सूप आणलं की सर ते मंदारला प्यायला लावायचे. मी शाळेचे पेपर सरांच्या पलंगावरच तपासले. एका दुपारी सर अचानक म्हणाले, "मालू गेली तेव्हा मला वाटलं होतं, आता या गावात आपलं कुणी नाही." मला रडू आलं आणि मी एका मुलाला चुकून दोन मार्क जास्त दिले.

मग मुलगी आली आणि ठरलं. दिवाळीनंतर सर पुण्याला. कायमचे. तिचं काही चुकत नव्हतं. सरांनी मान डोलावली आणि फक्त विचारलं, "पुण्यात नदीला पाणी असतं का गं?"

तेव्हापासून भिलाभाऊ पेटला. माल द्यायला जाईल तिथे विचारायचा, जुनी होडी आहे का. कतारगाम, लिंबायत, पांडेसरा, सचिन. लोक त्याला 'होडीवाला' म्हणायला लागले.

*

सरांचा शेवटचा रविवार. मी आणि मंदार लवकर पोचलो, तर काठावर टेम्पो उभा. भिलाभाऊने सचिन गावातल्या एका कापडाच्या युनिटमधून होडी आणली होती. तिथे ती बरीच वर्षं ओले तागे टाकायला वापरत होते. त्याने ती घासून धुतली होती. नवं शीड शिवलं होतं. निळं, एकरंगी. ठिपका नाही, फॉल नाही. नाकाजवळ पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'टिटवी'.

"जुनं नाव पुसायी गयथं ना ताई," तो म्हणाला. "म्हनीसन मीच लिखी टाकं." त्याचे डोळे झोप नसल्याने लाल झाले होते आणि चेहरा असा फुलला होता की बस!

मी वाकून कुशीवर अंगठा ठेवला. वरची कड लागली. खाली नेला. सपाट. पुन्हा नेला. सपाटच. मंदारनेही अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. कडा मोजायचं भिलाभाऊच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात रिक्षा आली. सर काठी टेकत उतरले. निळं शीड बघून तिथेच थांबले. मग हळूहळू आले आणि होडीला एक फेरी मारली. नाव वाचलं. भिलाभाऊ लहान मुलासारखा त्यांच्या मागे मागे.

"सर, देखा बरं. हाईच से ना तुमनी टिटवी?"

मंदारने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

सरांनी काठी माझ्या हातात दिली, एका हाताने भिलाभाऊच्या खांद्याचा आधार घेतला आणि खाली वाकले. डोळे मिटले. अंगठा वरून खाली निघाला आणि कडेवर थांबला.

"एक," सर म्हणाले.

अंगठा आणखी खाली गेला. सपाट लाकडावरून सावकाश, अगदी बुडापर्यंत. तिथे तो बराच वेळ तसाच राहिला. भिलाभाऊच्या खांद्यावरची सरांची बोटं घट्ट झालेली मला दिसली.

"दोन."