रमांची पंगत

पावट्याची ओली शेंग सोलली की बोटांना एक हिरवा, उग्र वास चिकटतो आणि तो साबणानंही लवकर जात नाही. त्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर बसून शेंगा सोलत होतो. समोर भाटघर धरणाचं पाणी, थंडीत असतं तसं निळं आणि गप्प. मी सोललेल्यातले किडके दाणे ती माझ्याकडं न बघताच निवडून टाकत होती. डोळ्यांचं आपरेशन करून घ्या, न्हाईतर किड्यांची आमटी खावी लागंल, म्हणत होती. मग विचारलं, रमाईच्या जयंतीला यायचं म्हणून भोरच्या त्या शिक्षिकाबाईंना फोन केला का? उद्या करतो म्हणालो. टरफलं शेळीपुढं टाकून ती आत गेली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. पहाटे तिच्या छातीत कळ आली, टेम्पोत घालून भोरला नेली, दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. यावर मला जास्त लिहिता येत नाही. चौथी शिकलेला माणूस मी. रडणं लिहिण्याइतकी शाळा झालेली नाही.

लिहायचं आहे ते तिच्या नावाबद्दल. तिचं नाव रमा. आमच्या बौद्ध वस्तीत हे नाव घरोघर सापडेल. बाबासाहेबांच्या रमाईवरून मोठ्या मायेनं ठेवलेलं. मी मात्र ते कधी उच्चारलं नाही. ती मला अहो म्हणायची, मी तिला अगं. आमच्या पिढीची रीतच ती. अख्खा संसार दोन हाकांवर निभावला, आणि काही अडलं नाही.

मागच्या साली रमाईच्या जयंतीला मंडळाच्या पोरांनी भोरच्या एका निवृत्त शिक्षिकेला भाषणाला बोलावलं. फोनवर एवढंच सांगितलं, की रमाबाईंवर बोलायचंय. बाईंनी पुढचं विचारलं नाही, पोरांनी सांगितलं नाही. बाई आल्या, माईकपुढं उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या पुण्याच्या त्या न्यायमूर्तींच्या रमाबाईंवर! नवऱ्यानं घरी शिकवलेली, पुस्तक हातात धरलं म्हणून घरातल्याच बायकांचे टोमणे खाल्लेली ती रमाबाई. पोरं चुळबुळली, कुणी हसलं, कुणी उठून वायर काढायला निघालं. मागच्या भिंतीवर रमाईचा हार घातलेला फोटो बघून बाईंच्याही ध्यानात आलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. तेव्हा पुढच्या रांगेतून आमची ही बोलली.

"बोलू द्या की त्यान्ला. ती बी रमाबाईच हाय, कुणाची चोरी करून न्हाई आली."

भाषण पुरं झालं. ही बाईंना घरी घेऊन आली, चहा दिला आणि पुढ्यात मांडी घालून बसली. माझ्या नावाच्या आणखी किती झाल्या, एवढं सांगा. बाईंनी सांगितल्या. एक पेशव्यांची, थेऊरला नवऱ्यामागं सती गेलेली. एक संस्कृत शिकलेली पंडिता. तरणेपणी नवरा गेला, तर तिनं टाकलेल्या विधवांना केडगावात घर दिलं. निघताना ही बाईंना म्हणाली, पुढल्या साली तुमीच या, आणि सगळ्या रमा घेऊन या. शब्द दिला तिनं. पाळायचा राहिला माझ्यावर.

ती गेल्यावर मुलगा म्हणायला लागला, घराला कुलूप लावा, पुण्याला चला. म्हटलं, जयंती होऊ दे. रिकाम्या घरात बसून मी या चार बायकांचाच विचार करायचो. जोडीदार गेल्यावर माणसानं करायचं काय, याची किती वेगवेगळी उत्तरं एकाच नावात दडलेली! एक सती गेली. गेली म्हणतात, त्या धुरात तिला विचारायला कोण गेलं होतं? दुसरी, न्यायमूर्तींची, नवरा गेल्यावर घरात कोंडून बसली नाही, बायकांसाठी उभी राहिली. तिसरीनं, त्या पंडितेनं, आपलं दुःख इतकं मोठं केलं की त्यात शेकडो जणी राहायला आल्या. आणि आमची रमाई? ती आपणच आधी गेली आणि एवढ्या मोठ्या माणसाला मागं एकटं ठेवून गेली. बायको मेल्यावर पुरुषाला चितेवर चढ असं कधी कुणी म्हटलं आहे काय? त्याला फार तर लेकाकडं जा म्हणतात. पण चूल विझवून दुसऱ्याच्या दारात खाट टाकायची, हेही थोडंफार तेच नव्हे का? धूर तेवढा दिसत नाही.

मंडळाची बैठक झाली. माझा पुतण्या अध्यक्ष. पोरगा चांगला, पण ताठ. तो म्हणाला, "आण्णा, रमाई येकच. बाकीच्यांचं हितं काय काम?" त्याचंही खोटं नव्हतं. गोवऱ्या थापून, पोटची लेकरं पुरून जिनं संसार ओढला, तिच्या शेजारी पेशवीण कशाला, असं कुणालाही वाटेल. मला भाषण येत नाही. जे तोंडात आलं ते बोललो.

"तिचं कमी करत न्हाई रं. तिच्या पंगतीला बाकीच्यान्ला बसवतोय. पंगतीतनं उठवलेली माणसं आपण. आता पंगत आपली हाय, तर आपण कुणाला उठवायचं?"

 पुतण्यानं मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच बाईंना फोन लावला.

बाई आल्या, बरोबर आपल्या गल्लीतल्या आणखी दोघींना घेऊन. या खेपेला रमाईवर आधी बोलल्या आणि सगळ्यांत जास्त बोलल्या. वर्षभर वाचून आल्या होत्या. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मग एकेक करून बाकीच्या आल्या: शिकलेली, पंडिता आणि शेवटी ती थेऊरची पोर. तिच्यासाठी विहारात जी शांतता पसरली, तशी पेशव्यांच्या वाड्यात तरी पसरली असेल का? ज्या वस्तीला त्या राज्यात सावली लपवून चालावं लागलं, ती वस्ती त्या घरच्या सुनेसाठी हळहळत होती! माणूस याहून मोठा होतो तरी कसा?

पुतण्यानं माईक माझ्या हातात दिला. म्हणालो, "आणि ही पाचवी. माझी रमा. रमा, तुझा शब्द पाळला बघ." कर्ण्यातून ते नाव बाहेर पडलं आणि धरणाच्या पाण्यावरून पार पलीकडच्या डोंगराला जाऊन भिडलं. जन्मभर न घेतलेलं नाव एकदम एवढ्या मोठ्यानं घेतलं; आणि लाज वाटायच्या ऐवजी छाती भरून आली. टाळ्या वाजत राहिल्या. मग खाली सतरंजीवर पानं मांडली. भोरच्या तिघी आमच्या बायकांच्या मधोमध बसल्या, आणि वांग्याची भाजी झणझणीत झाली म्हणून नाक ओढत दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा माझी पिशवी भरून ओट्यावर उभा होता. मी चूल पेटवली, परातीत नाचणीचं पीठ घेतलं, उकळतं पाणी ओतलं आणि मळायला बसलो. आण्णा, हे काय काढलंय, तो म्हणाला. शिकतोय म्हटलं. पहिली भाकरी थापतानाच फुटली, दुसरी करपली. तिसरी बऱ्यापैकी गोल झाली आणि तव्यावर फुगली. तिचे दोन तुकडे केले, एक त्याला दिला. त्यानं तो उभ्यानंच खाल्ला, माझी पिशवी परत आत ठेवली आणि एकटाच एसटीला गेला. मी चौथीचं पीठ घेतलं.