गणराजचे दिवे आणि विजयश्रीचं मशीन

रात्री जेवायला बसलं की विजयश्रीच्या ताटातला भात जांभळा दिसतो. वरण तर त्याहून वाईट दिसतं, ते बघून घास घशाखाली उतरत नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने त्या उजेडात जेवू नये. पण तिचा नवरा गणराज रोज त्याच उजेडात मिटक्या मारत जेवतो आणि वर विचारतो, "विजू, हॉटेलसारखं वाटतंय की नाही?"

विजयश्रीला काय वाटतं ते ती बोलत नाही. तिला शिसारी येते. सुरुवातीला फक्त त्या जांभळ्या भाताची यायची, मग दिव्यांच्या पट्ट्यांची यायला लागली आणि हल्ली हल्ली नवऱ्याच्या त्या 'बघ बघ' करणाऱ्या आवाजाचीही येते.

चाकणजवळच्या कुरुळीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती आली तेव्हा घर चांगलं होतं. परभणीकडची पोर, मामीच्या दुकानात बसून शिवण शिकलेली, लग्न करून इकडे आली ती शिलाई मशीन बरोबर घेऊनच. हॉलच्या खिडकीशी तिने मशीन मांडलं आणि बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवत शिवत हळूहळू गावातल्या जुन्या घरांपर्यंत पोचली. मग समोर दुसरी बिल्डिंग उभी राहिली, थेट खिडकीच्या तोंडावर, आणि भरदुपारीही हॉलमध्ये ट्यूब लावायची वेळ आली. तरी तिचं अडलं नाही. रंग जुळवायचा असला की ती कापड आणि रीळ घेऊन सरळ जिन्यात जायची. जिन्याला मोठी जाळी आहे, तिथे चांगला उजेड येतो. उजेडात धरून बघितल्याशिवाय तिने कधी सुईत दोरा ओवला नाही.

गणराज चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला आहे. गाडीच्या दाराचा रंग आणि बॉनेटचा रंग तंतोतंत जुळतो की नाही, हे ठरावीक दिव्यांखाली उभं राहून बघायचं, हे त्याचं काम. केसभर फरक दिसला तरी तो दार मागे पाठवतो. कंपनीत त्याच्या डोळ्यांना मान आहे, आणि तो खरा आहे. घरी आल्यावर त्या डोळ्यांना काय होतं, हे मात्र देवाला ठाऊक.

हे वेड सुरू झालं ते टीव्हीच्या मागे चिकटवलेल्या एका रंगीत पट्टीपासून. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने ती लावली आणि आठवडाभर शेजारपाजाऱ्यांना घरात बोलावून दाखवली. मग छताला पट्ट्या आल्या, ओट्याखाली आल्या, देवघराच्या कमानीवर आल्या. देवांच्या तोंडावर लाल-हिरवा उजेड आळीपाळीने पडायला लागला, तेव्हा विजयश्रीने हात जोडले ते 'माफ करा' म्हणायला. त्या पट्ट्यांचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, चिकट शेपटासारखा लोंबतो, त्याला धूळ आणि केस चिकटतात. पट्टीवरच्या प्लॅस्टिकच्या झाकणात मेलेली चिलटं साठतात. गणराज फक्त दिवे लावतो. चिलटं काढायची ती विजयश्रीने.

त्यानंतर भिंतीवरची बटणंच गेली. "बटण दाबायचा जमाना गेला, विजू," म्हणत त्याने सगळे बोर्ड काढून वर पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या. आता दिवे मोबाइलवरून लागतात, नाहीतर कपाटावरच्या डबीला इंग्रजीत हुकूम द्यावा लागतो. ती डबी गणराजचं इंग्रजी तीनदा ऐकते आणि चौथ्यांदा बाथरूमचा पंखा लावते. बाथरूममध्ये माणूस हलला तर दिवा राहतो, नाही हलला तर जातो. डोळ्यांत साबण गेलेला असताना अंधारात हात हलवत उभं राहणं कशाला म्हणतात, ते विजयश्रीला विचारा. आणि वायफाय गेलं की सगळं घर ठप्प. स्वतःच्या स्वयंपाकघरात बॅटरीच्या उजेडात फोडणी घालायची. तिला अक्षरशः वीट आला होता.

तरी ती गप्प होती, कारण तिचं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. गावातल्या सोपानरावांच्या नव्या इमारतीत खाली गाळे निघाले होते. सोपानरावांची आई गोजाबाई म्हणजे त्या घराचा शेवटचा शब्द. जमिनी गेल्या, बंगला आला, दारात गाड्या आल्या, पण किल्ल्यांचा जुडगा अजून म्हातारीच्या कमरेलाच. त्या घरच्या बायकांचं सगळं शिवण विजयश्रीकडे यायचं. एकदा मापं द्यायला आलेल्या गोजाबाईच म्हणाल्या होत्या, "प्राजक्ताचा साखरपुडा हू दे. तुझा हात बघते अन् मग कोपऱ्याचा गाळा तुलाच देते. बाईमाणसाचं दुकान हाय, आमाला बी बरं." कोपऱ्याचा गाळा! दोन्ही बाजूंनी उजेड, दारात रस्ता. त्या दिवसापासून विजयश्रीच्या मनात पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

प्राजक्ता ही गोजाबाईंची नात. तिच्या साखरपुड्याचा शालू वांगी रंगाचा होता, आणि त्यावरचा ब्लाउज विजयश्रीकडे आला. गणराजला हे कळलं तेव्हा तो मदतीला धावला. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"जिन्यात काय पळतेस सारखी? लोकं हसतात," तो म्हणाला. त्याने मशीनवर एक नवा दिवा टांगला, स्वतः तारा जोडून, सोल्डर करून. "याला मी दिवस मोड दिलाय. एकदम दुपारच्या उन्हासारखा उजेड. आमच्या कंपनीत असतो तसाच, सेम टू सेम. शेड बघायला आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

खरं सांगायचं तर दिवा चांगला होता. विजयश्रीने सकाळी त्याखाली कापड धरलं, जिन्यात नेऊन ताडून बघितलं, आणि रंग तोच दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडलं, पुन्हा तोच. इतक्या वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच तिच्या कामासाठी काहीतरी केलं होतं. तिला बरं वाटलं. नवऱ्यावर विश्वास टाकला, एवढीच तिची चूक.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गणराज दुसऱ्या शिफ्टला गेला होता. विजयश्रीने दुपारभर बसून ब्लाउज पुरा केला. संध्याकाळ होता होता फक्त गळ्याची आणि बाह्यांची पायपिंग, म्हणजे कडेला लावायची बारीक कापडी पट्टी, राहिली. तिने डब्यातून पट्टी काढली, दिव्याखाली कापडाला लावली. जुळली. रीळ लावून बघितलं, तेही जुळलं. जिन्यात जायचा विचार मनात आला होता, पण दिवस मोड होता ना! तिने पायपिंग लावली, हातशिलाई केली, इस्त्री करून ब्लाउज पिशवीत घातला आणि समाधानाने उठली.

सकाळी ती स्वतः बंगल्यावर गेली. अंगणात मांडव घातला होता, ऊन चांगलं वर आलं होतं. गोजाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून ब्लाउज काढला, उन्हात धरला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्या काही बोलायच्या आधीच विजयश्रीलाही दिसलं होतं. वांगी ब्लाउजला गळाभर तपकिरी पायपिंग. बाह्यांनाही तपकिरी. जवळपासचा रंगसुद्धा नाही. सरळ तपकिरी!

"ह्ये काय ग?" गोजाबाई म्हणाल्या. "ह्यो वांगी हाय व्हय? शेणानं सारवल्यावानी दिसतंय."

"आजी, तासाभरात बदलून देते. बसल्या जागी उसवते."

"आता कवा उसवणार? ती मेकपवाली यून बसलीया. पोरगी दुसरा घालंल कायबी." गोजाबाईंनी ब्लाउज तिच्या हातात टाकला. "लग्नाच्या आत नीट करून आन. अन् डोळं तपासून घे, पोरी. गाळ्याचं मागनं बघू."

मांडवातल्या बायकांनी ऐकलं. एकदोघी हसल्या. विजयश्री मान खाली घालून मांडवातून बाहेर आली, ती घरापर्यंत तशीच.

गणराजला आज सुट्टी होती, तो झोपेतून नुकताच उठला होता. तिने ब्लाउज त्याच्यापुढे टाकला आणि काय झालं ते सांगितलं. तो आधी गोंधळला. मग त्याने मोबाइल उघडला, बोटाने वरखाली केलं, आणि त्याचा चेहरा फुलला. हो, फुलला!

"सापडलं! हे बघ, तुझा दिवा सगळ्या लाईटच्या ग्रुपमध्ये राहिला होता. संध्याकाळचा मोड असतो ना, पाचनंतर जेवणाचा मोड लागेपर्यंत सगळे दिवे हळूहळू पिवळे होत जातात. डोळ्याला कळतपण नाही इतकं हळू. भारी चाललंय राव ते! फक्त तुझा दिवा त्यातून काढायला विसरलो मी."

"भारी चाललंय?"

"नाही म्हणजे, सिस्टिम बरोबर आहे, असं म्हणतोय. आणि खरं सांगू का विजू, पायपिंग ती केवढी! एवढा फरक कोणाला दिसतो?"

विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला दिसतो," ती म्हणाली. "कंपनीत दिसतो. गाडीच्या दाराला केसभर फरक असला तर दार मागं पाठवता आणि घरी येऊन तेच कौतुकानं सांगता. तिथं काम असतं. इथं बायको टाइमपास करते, होय ना? कोणत्या उजेडात बसवली तरी चालते. किळस येते मला या घराची. या पट्ट्यांची, त्या डबीची, आणि आता तुमच्या बोलण्याचीपण."

इतकं ती कधी बोलली नव्हती. गणराज खाली बसला. मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "चूक माझी आहे. मी जातो गोजाआजींकडे. स्वतः सांगतो, की दिवा माझा होता, विजूचा दोष नाही."

"खरंच सांगाल?"

"आईशप्पथ."

त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि तो गेला. विजयश्री मशीनपाशी गेलीच नाही. ब्लाउज, ब्लेड आणि पट्ट्यांचा डबा घेऊन ती जिन्यात जाळीपाशी बसली आणि टाका टाका उसवायला लागली. राग होता, पण त्याच्या तळाशी आशाही होती. माणूस वाईट नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. चार लोकांत जाऊन चूक कबूल करायला छाती लागते. गोजाबाईंनी एकदा त्याच्या तोंडून ऐकलं की नाव साफ होईल. नाव साफ झालं की गाळा काही लांब नाही. तपकिरी पट्टी निघाली, तिने खरी वांगी पट्टी शोधून उजेडात तीनतीनदा धरून बघितली, आणि टाचण्यांनी बसवली. ऊन जाळीतून कलायला लागलं तरी गणराज आला नव्हता.

आला तो दोन-दोन पायऱ्या चढत. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"विजू! अगं काम झालं! आधी तोंड गोड कर!"

तिचा जीव भांड्यात पडला. "काय म्हणाल्या?"

"अगं, मी गेलो तर सोपानराव मांडवातच उभे होते, त्यांच्या लाईटवाल्यानं दगा दिला होता. मी म्हटलं, बघू का? बघितलं, केलं चालू. मग त्यांना मोबाइलवर आपलं घर दाखवलं. सगळी जमली राव, पाहुणेसुद्धा! लग्नाला पूर्ण बंगल्याची लाइटिंग आता माझ्याकडे. आणि गाळा..."

"दिला?"

"दिला! कोपऱ्याचाच! गोजाआजी स्वतः म्हणाल्या, ह्या पोराला द्या. 'गणराज लायटिंग' टाकायचं. कंपनी सुटल्यावर आणि रविवारी मी बसणार." तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "आणि दिवसभर तू आहेसच की. गिऱ्हाईक आलं तर मोड बदलून दाखवायचे, एवढंच. मशीन आपण मागच्या बाजूला ठेवू. पुढं काचेत सगळ्या पट्ट्या लागतील, त्यामुळं उजेड काही येणार नाही म्हण. पण तू काळजीच करू नको, तुला मी वेगळा दिवस मोड लावून देतो."

विजयश्रीने सुई कापडात टोचून ठेवली. पेढ्यांचा पुडा त्याच्याकडे परत सरकवला. आवाज मात्र शांत निघाला.

"आणि माझा दोष नव्हता, ते सांगितलंत?"

गणराजने पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला होता. तो चावायचा थांबला. त्याने आठवून बघितलं, अगदी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"अगं, ते होय," तो म्हणाला. "एवढ्या गडबडीत तो विषयच निघाला नाही."