उजव्या बाजूचा आवाज

रहाटणीच्या नागसेनला लोक अजून ‘शूटिंगवाला’च म्हणतात, शूटिंग सोडून बारा वर्षं झाली तरी. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करायची, सुट्ट्या टाकून लग्नं काढायची, यात त्याची सगळी उमेद गेली. आता तो लोकांच्या जुन्या सीड्या पेनड्राइव्हवर चढवून देतो. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते, म्हणून त्याचं बरं चाललंय. माणूस लाख मोलाचा, पण जुन्या कामाला कुणी नावं ठेवली की याचं तोंड एवढंसं होतं.

परवा मोशीहून सोजरबाई आल्या, सोबत लेक मिनल. पिशवीत मिनलच्या लग्नाची व्हीसीडी. वीस वर्षांपूर्वी नागसेननंच काढलेली.

“बाळा, मला चित्र नको,” सोजरबाई म्हणाल्या. “ह्यांचा आवाज पायजे. माणूस जाऊन तीन वर्सं झाली. फोटो ढीगभर हायती, पण आवाज कुठंच न्हाई. लग्नात कायतरी बोललं असतील की.”

तेव्हाची शूटिंगवाल्यांची रीत काय होती? लोकांचं बोलणं म्हणजे कटकट! अख्ख्या लग्नावर गाणी चढवायची की झालं काम. गिऱ्हाईकही खूश.

“मावशी, खोटं कशाला बोलू? त्याच्यावर मीच गाणी चढवलीत. साहेबरावकाकांचा आवाज मीच झाकला.”

“मी म्हटलं नव्हतं, आई? घरी कितीदा लावली, नुसती गाणीच वाजायची,” मिनल म्हणाली. सोजरबाई पिशवी आवरायला लागल्या. ते काही नागसेनला बघवेना.

“थांबा तर खरं,” म्हणत त्यानं सीडी घातली. कॉम्प्युटरला आधी ती फाइल ओळखूच येईना. मग फुकटातल्या एका प्लेअरवर टाकली, तेव्हा चौकोन चौकोन होत चित्र हललं. त्यानं हेडफोन चढवला. डाव्या कानात गाणं. आणि उजव्या कानात भांडी, खुर्च्या, पोरांचा दंगा!

“अरे तिच्या!”

आत्ता आठवलं त्याला. धंद्यात नवा होता तेव्हा हा पठ्ठ्या गाणं डाव्या बाजूला टाकायचा अन् खरा आवाज उजवीकडे तसाच सोडायचा. दोन स्पीकरच्या टीव्हीवाल्यांनी त्याला धुतला होता, “एकीकडं गाणं अन् एकीकडं बाजार, हे काय काम झालं?” मग तो सुधारला. पण सोजरबाईंच्या जुन्या टीव्हीला आवाजाची एकच वायर लागायची, डावीकडची. त्यामुळे त्यांच्याकडून कधी तक्रारच आली नाही.

नागसेननं हेडफोन काढून स्पीकर जोडला अन् प्लेअरला फक्त उजवी बाजू लावली. गाणं गेलं. त्रिसरण-पंचशील ऐकू आलं, मग कुणाची तरी हाकाहाक. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून साहेबरावांचा घोगरा आवाज आला.

“शूटिंगवाले, आमच्या मंडळींना घ्या की जरा. सकाळधरनं राबतीया, एकदा बी आली न्हाई तुमच्यात. पांढरी साडी लई खुलतीया तिला.”

लगेच दुसरा आवाज, तरणा आणि तुसडा. “बघतो, बघतो. तुम्ही बाजूला व्हा आधी.” आणि कॅमेरा वळला तो थेट स्टेजवरच्या पुढाऱ्यांकडे.

नागसेनला मान वर करवेना. “मावशी, चुकलो.”

पण सोजरबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“माझ्या तोंडावर उभ्या जन्मात एकदा बी असं बोलला न्हाई गं हा माणूस!” त्या मिनलला म्हणाल्या. “लाव बाळा, परत लाव.”

नागसेननं परत लावलं. कितीतरी वेळा लावलं. स्वतःचा आवाज यायच्या आत थांबवता आलं असतं, पण त्यानं एकदाही थांबवलं नाही.