मी लिहिलेला नकार

माझ्या बायकोला नर्सिंगच्या पदवीसाठी जागा मिळाली होती आणि ती मी नाकारली. तिला न विचारता, तिच्याच सहीनं. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि आताही त्यापुढे 'परिस्थितीच तशी होती' असं काहीतरी जोडावं म्हणून हात वळवळतोच आहे. परिस्थिती तशी नव्हती. मी तसा होतो.

आम्ही भिवंडीत राहायचो. तिनं लग्नाआधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केला होता आणि ती सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. मी दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात लिपिक. आमच्या खोलीखाली यंत्रमागाचा कारखाना होता, त्यामुळे घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलायचो. तिच्या वॉर्डात निम्मे रुग्ण असल्या कारखान्यांतून यायचे. मागावरचा धावता धोटा उडून कपाळ फुटलेले, पट्ट्यात बोट सापडलेले. नर्सिंग शाळेतून नव्यानं आलेल्या मुली असं बोट बघून भिंतीला टेकायच्या. "यांना चांगलं शिकवलेलंच नसतं हो," ती म्हणायची. तिला या मुलींना शिकवायचं होतं. सिस्टर ट्यूटर व्हायचं होतं आणि त्याला पदवी लागत होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मुलगी आठवीत असताना, तिनं हे मनावर घेतलं. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मुंबईच्या कॉलेजात वसतिगृहात राहून दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम. निवड झाली तर नोकरी आणि पगार चालू. दुसरी, दूरशिक्षणाचा, तीन वर्षांचा. घरी पुस्तिका यायच्या आणि अधूनमधून शनिवार-रविवारी वर्ग. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले आणि आठवडाभर त्यात लिहीत राहिली. नियमितच्या रकान्यात मोठं रुग्णालय, ग्रंथालय, शिकवण्याचा सराव. दूरशिक्षणाच्या रकान्यात एकच ओळ: 'घर सुटत नाही.'

मग सल्लागार गोळा झाले. ज्यांनी रेशनच्या फॉर्मखेरीज काही वाचलं नव्हतं, ते तिला विद्यापीठ निवडून देऊ लागले. अंबाडीपलीकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई म्हणाली, "डिगरी घेतल्यावं सुई कमी दुखनार हाय का गं?"

"सुई तेवढीच दुखणार, आई," बायको म्हणाली, "पण टोचणारीला कळेल तरी कुठं टोचायची."

खालच्या कारखान्यातला एक कारागीर जिन्यात भेटला की विचारायचा, "सिस्टरजी, आप बंबई चली जाओगी तो हमारी उँगली कौन सिएगा?"

"सँभालके चलाओ, सीने की नौबत ही नहीं आएगी."

ती सगळ्यांना पुरून उरत होती. ज्याला ती पुरली नाही, तो सल्लागार घरातच होता, मी. माझ्या कार्यालयात कुणीतरी डबा खाताना म्हणालं, "बायको डिग्रीवाली आणि नवरा बी.ए. नापास! घरात शिरताना सलाम ठोकावा लागेल, साहेब." सगळे हसले, मीही हसलो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी दोनदा बसलो होतो. तो घास मला आजही आठवतो. तोंडलीची भाजी होती, तिनंच पहाटे करून दिलेली.

आणि याच माणसानं, म्हणजे मी, त्या वर्षी जयंतीला विहारात स्त्रीशिक्षणावर भाषण केलं. मी बरं बोलतो. 'एक मुलगी शिकली की' वगैरे झालं, टाळ्या पडल्या. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, तिनंही वाजवल्या. इतकं स्वस्त पुरोगामीपण मी नंतर पुष्कळांत पाहिलं, पण माझ्याइतकं स्वस्त क्वचितच.

आमच्या घरात अर्ज लिहिणं माझ्याकडे होतं. रजेचा असो, बदलीचा असो, मुलीच्या शाळेचा असो; मसुदा मी करायचो आणि ती सही करायची. ती वाचत नसे. "कुठं करू?" एवढंच विचारायची. नियमित अभ्यासक्रमाचा अर्जही मीच लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता. माझ्या मसुद्यांचा मला फार अभिमान होता. दुसरं अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं.

निवडीचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं तेव्हा ती ड्युटीवर होती. निवड झाली आहे, पंधरा दिवसांत संमती किंवा नकार कळवावा. मी ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ठेवलं. दोन वर्षं डबा कोण करणार, मुलीकडे कोण बघणार, आई काय म्हणेल, असे प्रश्न मी स्वतःला विचारले. अगदी जबाबदार गृहस्थासारखे. खरं म्हणजे मुलगी स्वतःचं बघत होती आणि आई धडधाकट होती. स्वयंपाकघरात अडाणी होतो तो मी. मला चहा करता यायचा, तोही तिनं साखरेचा डबा दाखवल्यावर. आणि त्याहून खरं असं की ती माझ्या पुढे जाईल याची मला धास्ती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ड्युटीला निघाली असताना मी तीन कागद पुढे केले. रजेचा अर्ज, शाळेचा अर्ज आणि मध्ये तो. "कुठं करू?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं. मी बोट ठेवत गेलो, ती सही करत गेली. मधल्या कागदावर लिहिलं होतं: 'कौटुंबिक अडचणींमुळे मी सदर अभ्यासक्रमास स्वेच्छेने नकार देत आहे.' 'स्वेच्छेने' हा शब्द मी विचार करून घातला होता. त्यामुळे प्रश्न येत नाहीत. माझ्या कार्यालयाचं टपाल घेऊन मला ठाण्याला जावंच लागायचं. तिच्या फायली ठेवणारं कार्यालयही तिथंच होतं. मी तो कागद स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. चोरी करून पावती घेणारा चोर फक्त सरकारी लिपिकच असू शकतो.

तिला सांगितलं, "यादी लागली. तुझं नाव नाही."

"प्रतीक्षा यादीत?"

"त्यातही नाही."

हे दुसरं खोटं बोलायची काही गरज नव्हती. ते मी ओघात बोलून गेलो.

तिनं जुन्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. आईनं चाळीत सांगितलं, "सरकारनं न्हाय घेतलं तिला. वय झालंय ना." वॉर्डातल्या सिस्टरांनी समजूत घातली. मी सगळं ऐकत होतो. एवढ्यावर न थांबता मी मोठ्या मनानं दूरशिक्षणाचं माहितीपत्रक आणून दिलं. "घरी बसून पदवी मिळते, काय वाईट आहे?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत नियमितलाच अर्ज करीन." पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, हे मला माहीत होतं. मी मान हलवली.

वर्ष संपता संपता तिलाही हिशेब कळला. वयात सवलत मिळते का विचारायला ती एकटीच ठाण्याला गेली. तिथल्या हेडक्लार्कनं फाइल उघडली.

संध्याकाळी ती आली, पाय धुतले आणि माझ्यासमोर पाटावर बसली.

"मी नकार दिला होता म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"फायलीनं. हेडक्लार्क म्हणाले, सिस्टर, इतकं झकास मराठी लिहिता, तुम्हाला आणखी काय शिकायचं राहिलंय! सही माझीच आहे. त्या कागदावर तेवढंच माझं आहे."

"मी घराच्या भल्यासाठी..."

"अहो, गप्प बसा. भाषण विहारात करा."

त्यानंतर दूरशिक्षणाचा फॉर्म तिनं स्वतः भरला. तीन ठिकाणी खाडाखोड झाली, पण मला विचारलं नाही. मला वाटलं होतं, मिळाला तो अभ्यासक्रम ती नाक मुरडत उरकेल. दूरशिक्षणाला मनातून हसणारा मीच होतो. तिनं त्या पातळ कागदावरच्या पुस्तिकांची पानं झिजवली. जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात वाचायची, आणि शनिवार-रविवारी वर्गाला मुंबईला जायची. त्या दोन दिवसांत मी भात करायला शिकलो. पहिला भात माझ्या आईनं कुत्र्यालाही घातला नाही.

माफी मागायचे मी काही प्रयत्न केले, तेही माझ्या लायकीचेच. आधी पत्र लिहिलं, दोन पानी, उत्तम अक्षरात. तिनं घडी न उघडता परत दिलं. मग म्हटलं, या वर्षी जयंतीला सगळ्यांसमोर कबूल करतो. ती म्हणाली, "म्हणजे टाळ्या पुन्हा तुम्हालाच." काय करू मग, असं मी विचारलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "माझी माफी नंतर. आधी तुमच्या आईला सांगा की मला घेतलं होतं."

एवढं सोपं होतं. ते करायला मी दोन वर्षं लावली. आईचं वय, आईचा रक्तदाब, घरात पाहुणे. कारणांचा मसुदा करण्यात मी तरबेज होतो.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी ती वर्गाहून आली आणि जेवताना सहज म्हणाली, "आम्हाला शिकवायला नवीन ट्यूटर आलीय. माझ्या नकारानं रिकामी झालेली जागा तिला मिळाली होती. प्रतीक्षा यादीतून. गप्पांत कळलं." ती पुढे म्हणाली, "चांगली शिकवते. मीही बरं शिकवलं असतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी वाद घातला असता.

पुढच्या रविवारी तिला वर्ग नव्हता. आई तेव्हा गावच्या घरी होती, तिथं आम्ही गेलो. अंगणात आई आणि दोन्ही भावजया वाल सोलत होत्या, बायकोही त्यांच्यात बसली. शेजारची एक म्हातारी आली. तिनं विचारलं, सून अजून शिकते का? आई म्हणाली, "शिकते ना. सरकारनं न्हाय घेतलं, म्हनून घरी बसून शिकते."

बायकोनं वर पाहिलं नाही. शेंग फोडत राहिली.

"आई," मी म्हणालो, "सरकारनं तिला घेतलं होतं."

"काय बोलतोस?"

"तिचं नाव यादीत होतं. पत्र आलं होतं. मी ते लपवलं. तिला वाचू न देता तिची सही घेतली आणि नको म्हणून कळवलं."

आईचे हात थांबले. "मंग इतकी वरसं मी लोकांना काय सांगत होते?"

"खोटं. मी तुला सांगितलेलं."

भावजया माझ्याकडे बघत होत्या. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी बायकोसमोर उकिडवा बसलो. पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना, ते बरंच झालं.

"तू निवडली गेली होतीस," मी म्हणालो. "मीच तुला जाऊ दिलं नाही. घरासाठी नाही, तू माझ्यापुढे जाशील म्हणून. आणि तू कमी पडलीस असं सगळे म्हणत होते, ते मी ऐकून घेतलं. माझं चुकलं. मला माफ कर."